हातोडी सोडायची कधी?

पेटीची पट्टी दाबली की आतली झडप उघडते, भात्यातली हवा सुराच्या पितळी जिभेवरून जाते आणि बोट उचलेपर्यंत सूर चालू राहतो. आवाज लहानमोठा करण्याचे काम भात्यावरच्या हाताचे; पट्टी हळूच दाबली की झटक्याने, याने फारसे बिघडत नाही. पियानोला भाता नाही. तिथे आवाजाचा लहानमोठेपणा पट्टी दाबणाऱ्या बोटाच्या हाती असतो, आणि तरी हातोडी तारेवर आदळते त्या क्षणी त्या बोटाचा तिच्याशी काही संबंध उरलेला नसतो. तार एक-दोन मिलिमीटरवर आली असतानाच यंत्रणेने हातोडीला सोडून दिलेले असते. उरलेले अंतर ती मिळालेल्या वेगावर कापते, तारेवर आपटते आणि मागे पडते. ग्रँड पियानोची ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची सगळी यंत्रणा, टेबलावर काढून जुळवण्याच्या कामाला कारागीर रेग्युलेशन म्हणतात. या कामाच्या पुस्तकांत मापांची लांबलचक यादी असते, आणि ती वाचताना वाटते की ८८ पट्ट्यांवर ही मापे एकेक करून लावत गेले की काम संपले. माझे म्हणणे असे की यातले मूळ माप एकच आहे: हातोडी तारेपासून किती अंतरावर सुटते ते. बाकीची मापे त्या एका मापाच्या चाकरीत आहेत. हे ओळखून केलेले काम आणि यादी उरकून केलेले काम यांतला फरक वादकाच्या बोटांना लगेच कळतो.

हातोडी सोडावी का लागते, याचे उत्तर सोपे आहे. ती शेवटपर्यंत ढकलत नेली तर तारेवर जाऊन टेकेल आणि जी तार वाजवायची तिलाच दाबून गप्प करील. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या नोकरीत असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे सुरुवातीलाच ओळखले होते. मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादीत त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे. आज शिल्लक असलेले त्याचे तीन पियानो १७२० ते १७२६ या काळातले. त्यांतल्या शेवटच्यात हातोडी सोडणारी कळ आहे आणि परत पडणाऱ्या हातोडीला झेलून धरणारा अडसरही आहे. ही अक्कल पुढे सगळ्यांनी उचलली असे मात्र झाले नाही. लंडनमध्ये १७६० च्या दशकात योहानेस झुम्पेचे छोटे चौकोनी पियानो धडाक्याने खपले, आणि त्यांत सोडणारी कळ नव्हतीच. पट्टीवरचा खुंट खालून टोला देई आणि हातोडी उडून तारेपर्यंत जाई. पट्टी पूर्ण दाबलेली असतानाही हातोडी तारेपासून चांगली खाली राहील अशीच जुळणी करावी लागे, कारण जवळ आणली की ती तारेवर थडथडे. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोझार्टने आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात योहान आंद्रेआस श्टाइनच्या पियानोंचे कौतुक केले आहे. त्याचा रोख नेमका याच गोष्टीवर होता: या माणसाच्या वाद्यात हातोडी सुटते, आणि शंभरात एखादाच कारागीर या भानगडीत पडतो. श्टाइनचे पियानो त्यामुळे महागही होते. एकविसाव्या वर्षी मोझार्टने वाद्याची नस बरोबर पकडली होती.

आजच्या ग्रँड पियानोतली यंत्रणा मुख्यतः सेबास्तियाँ एरारच्या कल्पनेवर उभी आहे. तिचे पेटंट १८२१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या पुतण्याच्या, पियेर एरारच्या, नावावर घेतले गेले. पट्टीचे पुढचे टोक खाली गेले की मागचे वर येते. त्यावर बसवलेला कॅपस्टन नावाचा छोटा पितळी खुंट वरच्या तरफेला उचलतो. या तरफेत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा जॅक असतो. त्याचा उभा हात हातोडीच्या दांडीखालच्या चामडी रोलरला वर ढकलतो. हातोडी तारेजवळ आली की जॅकचा आडवा हात वर बसवलेल्या एका गुंडीला अडतो, जॅक कलंडतो आणि रोलरखालून निसटतो. हातोडी सुटली. या गुंडीची उंची स्क्रूने कमीजास्त करता येते, आणि सुटण्याचे अंतर, ज्याला कारागीर लेट-ऑफ म्हणतात, तिथेच ठरते. एरारची खरी करामत त्यानंतरची आहे. जॅकच्या भोवती दुसरी एक तरफ असते, रिपिटिशन लिव्हर. तिच्या पोटात स्प्रिंग असते. पट्टी अर्धवट वर येऊ दिली तरी ही तरफ हातोडीला वरच्यावर तोलून धरते, तेवढ्यात जॅक परत रोलरखाली सरकतो, आणि तोच सूर पुन्हा वाजवायला यंत्रणा तयार होते. उभ्या पियानोत ही दुसरी तरफ नसते. तिथे पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पुढचा ठोका मिळत नाही. एकच सूर झपाट्याने पुन्हापुन्हा वाजवायचा असला की ग्रँड पियानो का लागतो, त्याचे कारण हे.

आता मुख्य मुद्द्याकडे. लेट-ऑफचे माप सहसा वरच्या सुरांना सुमारे दीड मिलिमीटर आणि खर्जाच्या तारांना तीनपर्यंत ठेवतात. दोन मिलिमीटरच्या जागी चार ठेवले तर असे काय आकाश कोसळते, हा प्रश्न रास्त आहे, आणि शाळेतल्या भौतिकशास्त्रावर त्याचे उत्तर काढता येते. सुटलेली हातोडी वर फेकलेल्या वस्तूसारखी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढत असते. घर्षण बाजूला ठेवले आणि फरक उठून दिसावा म्हणून दोनऐवजी एकच मिलिमीटर धरला, तर १ मिलिमीटर चढायला सुटताना सेकंदाला किमान १४ सेंटिमीटर वेग लागतो आणि ४ मिलिमीटर चढायला २८. त्याहून कमी वेगाने सुटलेली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. पट्टी खाली जाते आणि सूर उमटत नाही. समजा वादकाला अगदी मृदू सूर हवा आहे, हातोडी तारेला सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने लागावी इतका मृदू. १ मिलिमीटरच्या जुळणीत ती १७.२ च्या वेगाने सुटायला हवी, ४ मिलिमीटरच्या जुळणीत २९.७ ने. आता बोट जरासे चुकले आणि वेग २ ने कमी पडला. पहिल्या पियानोत हातोडी तारेला साधारण ६ च्या वेगाने लागेल: सूर अपेक्षेपेक्षा फिका, पण ऐकू येणारा. दुसऱ्या पियानोत वेग २७.७ झाला, म्हणजे किमान वेगाच्याही खाली, आणि सूर गायब. बोटाची चूक दोन्हीकडे सारखीच आहे. पहिल्या वाद्याने ती सांभाळून घेतली, दुसऱ्याने चव्हाट्यावर आणली. मोठ्या आवाजात हा फरक पार बुजून जातो, कारण तिथे हातोडी सेकंदाला कित्येक मीटर वेगाने जाते आणि दोन-चार मिलिमीटरची चढण तिच्या खिजगणतीत नसते. म्हणूनच बिघडलेले रेग्युलेशन दुकानात जोरात वाजवून पाहणाऱ्याला कळत नाही आणि रात्री हलक्या हाताने वाजवणाऱ्याला छळते.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. हातोडी सुटल्यावर वादकाचा हात संपतो, तेव्हा तारेला कळतो तो फक्त हातोडीचा वेग. ओटो ऑर्टमनने १९२५ मध्ये पियानोच्या स्पर्शावर लिहिलेल्या पुस्तकात प्रयोगांच्या आधारे हेच मांडले, आणि १९३७ मध्ये जेम्स जीन्स या भौतिकशास्त्रज्ञाने संगीतावरच्या पुस्तकात ते आणखी ठासून सांगितले. एकटा सूर घेतला तर थोर वादकाचे बोट आणि एखादी निर्जीव वस्तू यांत पट्टीला फरक कळत नाही, असा त्याचा सूर होता. मग स्पर्शाच्या नाजुकपणाची भाषा म्हणजे अंधश्रद्धाच की, आणि त्यासाठी कारागिराने मिलिमीटरच्या अंशांशी का झगडावे? पट्टी तळाला आपटल्याचा खटका आणि लाकडाचा ठोका ऐकू येतो, एवढी भर या सिद्धान्तात नंतरच्या संशोधकांनी घातली आहे. ती सोडली तरी मूळ सिद्धान्त मला मान्य आहे. आणि तो मान्य केल्यामुळेच रेग्युलेशनचे महत्त्व वाढते. वादकाकडे वेग हे एकच साधन असेल, तर ते साधन ८८ पट्ट्यांवर सारखे चालले पाहिजे. शेजारच्या दोन पट्ट्यांवर सारख्याच जोराने ठेवलेली बोटे दोन वेगळे वेग देत असतील, तर वादकाचे कौशल्य सुरात जाण्याआधीच गळून जाते. जीन्सचा युक्तिवाद वादकाची मिजास उतरवतो, कारागिराची जबाबदारी मात्र वाढवतो.

लेट-ऑफ एवढे महत्त्वाचे, तर मग प्रत्येक गुंडी फिरवून दोन मिलिमीटर लावावे आणि मोकळे व्हावे, असे का होत नाही? कारण पट्टीची खोली मोजकी असते. ग्रँड पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि हातोडी पट्टीच्या सुमारे पाचपट सरकते. हातोडी तारेच्या ४६ मिलिमीटर खाली विसावलेली असेल आणि २ मिलिमीटरवर सुटायची असेल, तर तिला ४४ मिलिमीटर चढायचे आहे. त्यासाठी पट्टीचे ८.८ मिलिमीटर खर्च होतात. उरतात १.२. हे उरलेले अंतर, हातोडी सुटल्यानंतर पट्टी तळाला टेकेपर्यंतचे, वादकाच्या फार कामाचे असते. ते नसेल तर हलक्या हाताने दाबलेल्या पट्टीवर जॅक पूर्ण निसटत नाही; फार असेल तर पट्टी पोकळ लागते. आता सगळ्या हातोड्या कॅपस्टनने १ मिलिमीटर वर घ्या: चढण ४३ झाली, पट्टीचे ८.६ लागले, उरले १.४. किंवा मूळच्या जुळणीत एका पट्टीची खोली ०.४ ने कमी ठेवा: तिच्यावर ०.८ उरले. वापराने हातोडीच्या नमद्यावर तारांच्या खाचा पडतात आणि त्या घासून काढल्या की डोके खुजे होते. २ मिलिमीटर घासले तर २ चा लेट-ऑफ कोणी हात न लावता ४ झाला, आणि मघाच्या हिशेबाप्रमाणे मृदू सूर गळू लागले. यंत्रणेतले एकही माप एकटे हलत नाही. म्हणून अनुभवी माणूस काम संपत आल्यावर हे उरलेले अंतर तपासतो: आधीची सगळी मापे बेरीज-वजाबाकी होऊन तिथे जमा झालेली असतात, आणि कुठे काही चुकले असले तर तिथे दिसते.

तपासणीत सापडलेली चूक पट्टीची खोली बदलून झाकायची, की मुळाशी जाऊन काढायची, इथे कारागिराची पारख होते. पट्टीच्या पुढच्या खिळ्याभोवती नमद्याची चकती असते आणि तिच्याखाली कागदाच्या चकत्या. सर्वांत पातळ कागद मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो. मधल्या टेकूच्या खिळ्याखाली असलाच कागद सरकवला तर पट्टीचे पुढचे टोक जवळपास दुप्पट उचलले जाते. इतकी बारीक साधने हाताशी असल्यामुळे लबाडी करणे फार सोपे आहे. तिसऱ्या सप्तकातल्या एका पट्टीवर उरलेले अंतर कमी दिसले, तर पुढचा एक कागद काढला की दोष दिसेनासा होतो. पण दोष कदाचित असा असेल की त्या हातोडीचा रोलर चपटा झाला आहे, किंवा दांडीच्या सांध्यातली पिन घट्ट झाली आहे. कागद काढून ती पट्टी शेजारणींपेक्षा खोल केली. वादकाला दोषाऐवजी आता खड्डा मिळाला.

म्हणून टेबलावरच्या कामाचा क्रमही या एका मापाभोवतीच लागतो. आधी सैल स्क्रू आवळणे, सांध्यांचे घर्षण पाहणे, हातोड्या सरळ वर जातात ना आणि आपापल्या तारांसमोर येतात ना हे बघणे. हे कंटाळवाणे आहे आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण हे न करता लावलेले लेट-ऑफ आठवडाभरही टिकत नाही. मग पट्ट्यांची पातळी, जॅकची जागा, हातोड्यांची रांग, आणि त्यानंतर लेट-ऑफ. ड्रॉप त्याच्या मागोमाग येतो: सुटल्यावर हातोडी रिपिटिशन लिव्हरवर किती खाली पडावी हे ठरवणारा स्क्रू. लेट-ऑफआधी ड्रॉप लावला तर तो कशाच्या तुलनेत लावला, याला उत्तर नाही. मग पट्टीची खोली आणि मघाची ती शिल्लक. त्यानंतर बॅकचेक, जो परत पडणाऱ्या हातोडीला तारेखाली साधारण १५ मिलिमीटरवर पकडतो, आणि शेवटी स्प्रिंग. स्प्रिंगची परीक्षा मोठी देखणी आहे. पट्टी ठासून मारायची, हातोडी बॅकचेकमध्ये अडकवायची आणि पट्टी हळूहळू सोडायची. हातोडी स्वतःहून संथ, ठाम वर उचलली गेली पाहिजे. उडी मारली तर स्प्रिंग जोरकस आहे आणि बोटाला धक्का जाणवेल. रेंगाळली तर जॅक वेळेवर परतणार नाही आणि एरारच्या सगळ्या खटाटोपावर पाणी पडेल. इथे आकडा कामाचा नाही, डोळाच लागतो.

टेबलाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काही म्हणतात, ॲक्शन बाहेर काढून केलेले काम खोटे, कारण टेबलावर ताराच नाहीत. दुसरे म्हणतात, टेबलावर नीट केले की पियानोत नुसते सरकवायचे. पहिल्यांचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. पियानोच्या आत जॅक आणि रोलर दिसत नाहीत, हात पोचत नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीला ॲक्शन ओढून काढायची तर एखादी हातोडी मोडून बसण्याचा धोका असतो: बाहेर काढताना एक पट्टी जरी चुकून दाबली गेली तर उचललेली हातोडी तारांच्या खुंट्यांच्या फळीला अडकते आणि दांडी तुटते. टेबलावर तारांच्या जागी उंची लावता येणारी आडवी पट्टी बसवतात. पियानोत प्रत्येक विभागाच्या दोन टोकांच्या तारांची उंची मोजून ती या पट्टीवर उतरवायची. विभागागणिक उंची बदलते, सरसकट एक आकडा धरला तर लेट-ऑफचा पायाच डळमळतो. पण दुसऱ्या पक्षाचा आत्मविश्वासही फसवा आहे. टेबल सपाट असते, पियानोतले तळपाट तितके सपाट असेलच असे नाही. पट्ट्यांची चौकट तळपाटाला जखडलेली नसते, कारण डावे पॅडल दाबले की ती सबंध चौकट बाजूला सरकायला हवी. मधल्या दांड्याला खालून टेकण देणारे बोल्ट तळपाटाला जेमतेम टेकले पाहिजेत. वर राहिले तर जोरात वाजवताना पट्ट्या खचतात आणि ठोकण्याचा आवाज येतो. जास्त खाली गेले तर ते सगळी चौकट उचलतात आणि टेबलावर लावलेली पट्ट्यांची पातळी, खोली, लेट-ऑफ सगळे एकदम चुकते. हे बोल्ट टेबलावर लावता येतच नाहीत. त्यामुळे टेबलावर ८८ पट्ट्या एकमेकींशी जुळवून घ्याव्यात, त्या तारांशी पियानोतच जुळवाव्यात, आणि लेट-ऑफचा शेवटचा पाव फेरा तिथेच द्यावा.

मग पियानो बनवणाऱ्यांनी छापलेली मापे कशासाठी, असे कोणी विचारील. ती निरुपयोगी मुळीच नाहीत. हातोडी पट्टीच्या पाचपट सरकते हे मी ढोबळ मानाने धरले. ज्या वाद्यात हे गुणोत्तर ५.५ आहे तिथे ४४ मिलिमीटरच्या चढणीला पट्टीचे ८च पुरतात, आणि मग १० मिलिमीटरची खोली तिथे जास्त होते. त्या घराण्याच्या वाद्याला काय शोभते हे बनवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून सुरुवात त्याच्या आकड्यांनीच करावी. पण हे आकडे नव्या नमद्याचे, न झिजलेल्या रोलरचे आहेत. चाळीस वर्षे वाजलेल्या पियानोवर ते सगळे एकाच वेळी बसत नाहीत, आणि न बसणाऱ्यांपैकी कुठला सोडायचा हे यादी सांगत नाही. लेट-ऑफ आणि सुटल्यानंतरची शिल्लक हे दोन राखावेत, हातोडीच्या ४६ मिलिमीटरमधला एखादा मिलिमीटर खुशाल जाऊ द्यावा, असे माझे मत आहे. त्याने मोठ्या आवाजाचा कमाल जोर किंचित घटेल. मृदू सूर गळण्यापेक्षा ते परवडले.

लेट-ऑफ जितके कमी तितके चांगले, असाही अर्थ कोणी काढू नये. खर्जाच्या जाड तारा वाजताना रुंद झुलतात, आणि तोच सूर परत घेताना हळू वर आलेली हातोडी झुलत्या तारेला घासून खरखरते; तिथे तीन मिलिमीटर लागतातच. शिवाय हवा असते. मुंबईत किंवा पणजीत जूनमध्ये पाऊस लागला की पियानोतले लाकूड, नमदा आणि सांध्यांची कापडी अस्तरे ओल पितात. पट्ट्यांच्या छिद्रांतले कापड फुगून त्या जडपणे परततात, हातोड्यांच्या पिना घट्ट होतात, पट्ट्यांखालचे नमदे आणि तळपाट हलतात, आणि हे सगळे एकाच दिशेने किंवा एकाच मापाने होत नाही. मेच्या तुलनेने कोरड्या खोलीत अर्ध्या मिलिमीटरवर आणलेली हातोडी ऑगस्टमध्ये तारेवर अडकू शकते. किनाऱ्यावरच्या शहरात खोलीची आर्द्रता सांभाळली जात नसेल, तर लेट-ऑफ जरा सैल ठेवणे हाच शहाणपणा. वातानुकूलित सभागृहातल्या पियानोला ही सूट देण्याचे कारण नाही.

आणि शेवटी, हल्ली ज्या वाद्यात हातोडी तारेला लागतच नाही त्याचे काय? डिजिटल पियानोत पट्टीचा वेग सेन्सर मोजतात, म्हणून हा सगळा व्याप तिथे संपला असे वाटेल. पण साधे दोन सेन्सर पट्टीच्या वाटेवर दोन ठरावीक ठिकाणी बसवलेले असतात आणि त्यांच्यामधल्या वेळेवरून आवाज ठरतो. दुसरा सेन्सर पट्टीच्या किती खोलीवर ठेवायचा, हा तोच जुना प्रश्न कारखान्यात एकदाच सोडवलेला आहे, आणि वादकाला तो मागाहून बदलता येत नाही. उभ्या पियानोतला तो दुसरा अडथळाही इथे पुन्हा डोके वर काढतो: पट्टी वरच्या सेन्सरपलीकडे गेल्याशिवाय तोच सूर परत वाजत नाही. त्यावर तोडगा म्हणून चांगल्या डिजिटल पियानोंत तिसरा सेन्सर घातला जातो. पट्टी अर्धवट वर आली असतानाच तो पुढचा ठोका नोंदवतो, १८२१ च्या पेटंटमधल्या त्या दुसऱ्या तरफेसारखा.